त्रेचाळीस अंशांचं वाण

त्या अधिक महिन्यात हर्षल भोयरला काय काय मिळायचं होतं, ते आधी मांडून टाकू. तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा, सफारीचं कापड, पाटावर बसवून ओवाळणं आणि एक लॅपटॉप. लग्नानंतरचा पहिलाच अधिक, म्हणून सासऱ्याने हात सैल सोडला होता. यातल्या कशासाठीही हर्षलला काही करायचं नव्हतं. जावई असणं एवढंच काम होतं, आणि तेवढं त्याला बसल्या जागी जमत होतं.

सासरे म्हणजे वासुदेवराव ठवकर. नागपूरला लागून वाडीत त्यांचा कूलर बनवायचा कारखाना, त्याच आवारात घर. तीस वर्षं पत्रा वाकवण्यात आणि खसच्या ताट्या बांधण्यात गेलेली. हवेत नुसता हात धरून हा माणूस पारा सांगायचा आणि फार तर अर्ध्या अंशाने चुकायचा. या वाणात त्यांचाही एक हिशेब होता. जोरदार लॅपटॉप खरा हवा होता तो त्यांच्या मुलीला, मृणालला. पण सरळ तिच्या हातात दिला असता तर भोयरांकडे ‘सून माहेरून मागवते’ अशी कुजबुज झाली असती. तेच यंत्र जावयाला दिलं की वाण होतं, आणि वाणाला कोणी नावं ठेवत नाही. मान जावयाचा होईल, काम मुलीचं होईल. आपल्या या हुशारीवर वासुदेवराव इतके खूश होते, की जावयाला लॅपटॉप वापरताही येतो, ही बाब त्यांच्या हिशेबात धरायचीच राहिली.

मृणाल शरीराच्या आतली चित्रं करायची. संगणकावर, त्रिमितीय, फिरवून बघता येतील अशी. आजवर पोटापाण्यासाठी तिने बिल्डरांचे न बांधलेले फ्लॅट रंगवले होते. आता पुण्याच्या एका कंपनीने चाचणी दिली होती. एका खऱ्या रोग्याचं, भोक असलेलं, धडधडणारं हृदय तयार करायचं. डॉक्टर त्यावर शस्त्रक्रियेचा सराव करणार. मुदत दहा दिवस, दहाव्या दिवशी संध्याकाळी सहा. अट अशी, की रोग्याची फाईल ज्या यंत्रात उघडली त्या यंत्राबाहेर जाता कामा नये. दुसऱ्याच्या संगणकावर काम ढकलायची सोय नाही. चांगल्या ग्राफिक्सच्या लॅपटॉपला अठरा तास लागले असते. तिचा जुना लॅपटॉप मे महिन्यात दुपारी दोनला आपला आपण बंद पडायचा. चाचणी जमली तर कायमची नोकरी होती, तीही घरून.

सीताबर्डीच्या दुकानात तिघं गेले.

“तीन आहेत सर,” विक्रेता हर्षलला म्हणाला. पैसे कोण देणार हे ओळखून त्याने अधूनमधून वासुदेवरावांकडेही बघितलं. “ही ‘गदा’. ग्राफिक्स एक नंबर. वजन पावणेचार किलो.”

त्याने गदा चालू केली. पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखी ती घरघरली.

“ही ‘पीस’. नऊशे ग्रॅम. पण मोठा गेम लावला की तापते आणि मंदावते. आणि हा ‘हिमांक’. ग्राफिक्स गदेएवढे, वजन पिसाएवढं. हात लावून बघा.”

हर्षलने हात लावला. अर्धा तास गेम चालू असलेलं ते यंत्र पाण्याच्या पेल्यासारखं गार होतं. हर्षलचा चेहरा असा झाला, की विक्रेत्याने पुढचं बोलणं सोडून थेट बिलबुक शोधायला घेतलं.

“याचा पंखा कुठं आहे?” वासुदेवरावांनी विचारलं.

“पंखाच नाही, काका.”

“मंग गरमी कुठं जाते?”

विक्रेत्याने टेबलाखालून एक वस्तू काढली. फरशीएवढी चपटी, ॲल्युमिनियमची, अडीच किलोची. तिला एक जाड वायर. “या लादीत जाते.”

ही लादी म्हणजे हिमांकचा सगळा शोध. उष्णता नाहीशी करता येत नाही, फक्त हलवता येते. साधा लॅपटॉप ती पंख्याने तुमच्या मांडीवर आणि खोलीत फेकतो. हिमांक ती त्या पोकळ वायरीतल्या द्रवातून लादीत ढकलतो. लादीत एक नवीन क्षार भरलेला असतो, तो त्रेचाळीस अंशांना वितळतो. सरबतात बर्फाचा शेवटचा खडा असेपर्यंत सरबत गारच राहतं, कारण येणारी सगळी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्ची पडते. तसंच इथे. क्षार वितळत असेपर्यंत लॅपटॉप तापत नाही. दहा वर्षांपूर्वी याला दहा किलो क्षार लागला असता, आता अडीच किलोत भागतं. चार तास पूर्ण जोरात काम केलं की सगळा क्षार पातळ होतो. मग लॅपटॉप मुंगीच्या पावलाने चालतो, आणि क्षार पुन्हा गोठेपर्यंत तसाच चालतो. जाहिरातीत वजन सांगतात ते लॅपटॉपचं. लादी कोण उचलणार, हे जाहिरातीत नसतं.

“गोठते कशी मंग?” वासुदेवरावांनी लादी उलटीपालटी केली.

“नुसती ठेवून द्यायची काका. खोलीच्या तापमानाला आपोआप गोठते.”

“कोणाच्या खोलीच्या?”

विक्रेत्याने खोका वाचला. “चोवीस अंश.”

“मे महिन्यात आमच्या इकडं दुपारी घरात बेचाळीस-त्रेचाळीस असते जी. त्यात ही काय गोठन?”

“बाबा,” हर्षल हसत म्हणाला, “हे कूलर नाही.”

विक्रेताही हसला. कूलरवर बोललेलं वाक्य आपल्याला लागलं, हे वासुदेवरावांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

मृणाल म्हणाली, “मला गदा चालेल. टेबलावरच ठेवायची आहे. आवाज करेल तर करू दे, पण गरमी बाहेर फेकते आणि थांबत नाही.”

“आणि मी? ती चार किलोची धोंड घेऊन फिरू?”

हर्षल कुठे फिरत होता, हा प्रश्न कोणी विचारला नाही. विम्याचे दावे तपासायची त्याची नोकरी घरूनच चालायची. दिवसभरात तो पलंगावरून दिवाणावर आणि दिवाणावरून पलंगावर जायचा, मध्ये नऊ पावलं. तेवढ्या प्रवासासाठी त्याला हलकं यंत्र हवं होतं.

मृणालने वडिलांकडे बघितलं. या एका विषयात तिच्या वडिलांइतकं जाणकार माणूस त्या दुकानात काय, त्या रस्त्यावर नव्हतं.

“जवाईबापू म्हणतील तो घेऊ,” वासुदेवराव म्हणाले.

हिमांक घेतला. एक लादी सोबत आली, तिचं बिल वेगळं. दुसरी लादी हवी असेल तर तीन महिने थांबायचं होतं.

वाण दिलं त्याच आठवड्यात नवतपा, म्हणजे मेअखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, लागला. पारा सत्तेचाळीसवर गेला. त्या वर्षीपासून नियम आला होता, की उष्णतेचा लाल इशारा असेल त्या दिवशी सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा घरगुती एसी चालणार नाहीत. मीटरच ते बंद करायचं. पंखे, फ्रीज, कूलर चालतील. भोयरांचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, गच्चीखालचा. तिथे दिवसा लादी गोठायचा प्रश्नच नव्हता. रात्री एसीत गोठायची, तीही सकाळपर्यंत. म्हणजे दिवसाला एक लादी, चार तास.

हर्षल आणि मृणाल यांनी वाटणी केली. दोन तास त्याचे, दोन तिचे, आणि दहाव्या दिवशीची अख्खी लादी तिची. नऊ दिवसांचे अठरा, वर हे चार. काम जमायला हरकत नव्हती.

पहिल्या दिवशी हर्षल अडीच तास खेळला. “मध्येच सोडता येत नाही ग, टीम असते.” दुसऱ्या दिवशीही टीम होती. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं, की एक मोठी स्पर्धा आहे आणि तिची पात्रता फेरी जवळ आली आहे. स्पर्धेत जिंकणाऱ्याला काय मिळतं, असं मृणालने विचारलं. “नाव होतं,” हर्षल म्हणाला. गेममध्ये त्याचं नाव वेगळंच होतं. म्हणजे झालंच तर कोणा तिसऱ्याचंच नाव होणार होतं.

चौथ्या दिवशी मृणालने वडिलांना फोन केला.

“बाबा, एक कूलर पाठवा ना.”

“काऊन? एसी आहे ना तुमच्याकडं.”

“दिवसा बंद असतो. लादी कूलरच्या टाकीत ठेवली तर गोठेल का?”

पलीकडे वासुदेवराव खुर्चीत सरसावून बसले असणार. “गोठेल? अवो, चाळीस मिनिटांत दगड होईल. आपल्या इकडची कोरडी हवा. बाहेर सत्तेचाळीस असू दे, चालू कूलरच्या टाकीतलं पाणी पंचवीसवर असते. पाणी उडते ना, उडता उडता गरमी घेऊन जाते. ही चार तासांची गरमी म्हणजे किती? एक लिटर पाणी जास्त उडन, बस. मी त्या दुकानातच सांगणार होतो.”

“मग सांगितलं का नाही?”

“जवाईबापू हसले ना.”

“आता पाठवा.”

“त्यांना विचार.”

तिने विचारलं. हर्षलने मान वर न करता सांगितलं, “या सोसायटीत एकाच्या तरी खिडकीत कूलर दिसतो का तुला? लोक म्हणतील, सासऱ्याचा माल आणून लावला.” त्याची आई शकुंतलाबाई देवघरातून म्हणाल्या, “आणि तो घरभर ओलावा. माझी पुस्तकं फुगतात.”

मृणालने वडिलांना पुन्हा फोन लावला. “तो नाही म्हणतो. तरी तुम्ही पाठवा. मी बाल्कनीत ठेवते.”

“त्यांनी नाही म्हटल्यावर मी कसा पाठवू? त्यात अधिक महिना. त्यांचा मान मोडल्यासारखं होते ते.”

“बाबा, माझी नोकरी आहे ही.”

“मी समजून राहिलो बेटा. पण तूच पाह्य.”

वासुदेवरावांच्या आवारात त्या दिवशी चाळीस कूलर विक्रीला तयार उभे होते.

पाचव्या दिवशी हर्षलला स्वतःची अक्कल सुचली. दुपारी त्याने वितळलेली लादी फ्रीजमध्ये ठेवली आणि दार लावून झोपला. फ्रीजचं काम आतली उष्णता हळूहळू बाहेर काढायचं, त्याच्या पोटात कोणी शेगडी ठेवली तर तो काय करणार? पाच तास धापा टाकून त्याने स्वयंपाकघर तापवलं, आत दूध फाडलं, श्रीखंडाचं पाणी केलं आणि संध्याकाळी मान टाकली. लादी अर्धीच गोठली होती. त्या अर्ध्या लादीवर हर्षल दोन तास खेळला. मृणाल फ्रीज दुरुस्त करणाऱ्याची वाट बघत बसली, कारण त्याला दार उघडायला कोणीतरी हवं होतं.

नवव्या दिवशी रात्री हिशेब असा होता: मृणालचं पंधरा तासांचं काम झालेलं, तीन तासांचं उरलेलं. हृदय पडद्यावर धडधडत होतं, फक्त डावीकडची एक झडप राहिली होती. “उद्याची लादी माझी,” ती म्हणाली.

“शंभर टक्के तुझी,” हर्षल म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला त्या क्षणी तसंच वाटत होतं. अशा माणसांचं हेच अवघड असतं.

दहाव्या दिवशी सकाळी शकुंतलाबाईंना देवळात अधिकाचं दान द्यायचं होतं. सोबत सून हवी होती. “सकाळी जाऊ, उन्हाआधी येऊ,” म्हणत त्यांनी तिथे दीड वाजवला. मृणाल घरी आली तर हर्षल दिवाणावर आडवा. लॅपटॉप पोटावर, गार. लादी जमिनीवर, कोमट आणि हलवली की आतून डुचमळणारी.

“हे काय?”

“पात्रता फेरी आजच ठेवली ग त्यांनी. नऊला सुरू झाली.”

“चारही तास?”

“हरलो शेवटी,” हर्षल म्हणाला. त्याला वाटलं, यावर ती त्याला धीर देईल.

तिने लॅपटॉप त्याच्या पोटावरून उचलला, लादी पिशवीत घातली आणि ऑटो करून वाडीला निघाली. सव्वादोनला कारखान्याच्या फाटकात उतरली. चाळीस मिनिटं लादी गोठायला, तीन तास कामाला. सहाच्या आत पाच-दहा मिनिटं शिल्लक राहत होती.

वासुदेवराव फाटकात आले. लेकीचा लाल चेहरा त्यांनी बघितला, मग तिच्या हातातला लॅपटॉप बघितला, आणि हात आडवा केला.

“हे घेऊन कशी आली तू?”

“बाबा, बाजूला व्हा. टाकी कुठली चालू आहे?”

“थांब थांब. हे वाण आहे. दिलेलं वाण अधिक सरायच्या आत माहेरच्या उंबऱ्यात परत येत नसते.”

“मी परत देत नाहीये. तीन तास बसते आणि घेऊन जाते.”

“तुले माहीत आहे, मले माहीत आहे. भोयरांकडं कळलं तर? ठवकरांनी वाण परत नेलं म्हणतील. तुझ्या सासूला अख्खं गाव ओळखते.”

“म्हणू द्या.”

“तुले म्हणायचं सोपं आहे. मले त्यांच्यासमोर उभं राहा लागते.”

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. वासुदेवराव दुष्ट नव्हते. त्यांनी डोकं चालवलं आणि त्यांना तोड सापडली. “हे पाह्य. लादीचं बिल वेगळं होतं ना? म्हणजे लादी काही वाण नाही. ती दे इकडं, मी टाकीत घालतो. लॅपटॉप तेवढा इथं कट्ट्यावर ठेव. चाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. मंग तू बाहेरच त्या टपरीत बसून काम कर. झालं? तुझंही होते, माझंही राहते.”

मृणाल शिकलेली होती, माणसाच्या हृदयाच्या चारी कप्प्यांत फिरून आलेली होती. तिने वडिलांशी आणखी वीस मिनिटं भांडण्यापेक्षा लॅपटॉप फाटकाबाहेरच्या सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवला, वर ओढणी टाकली, आणि लादी घेऊन आत गेली.

वासुदेवरावांनी सगळ्यात मोठा कूलर लावला. पंप खळखळला, खसचा वास सुटला. लादी पाण्यात बुडाली. ते दर पाच मिनिटांनी हात घालून बघत होते आणि सांगत होते, “कडेनं धरून राहिली.” अडतिसाव्या मिनिटाला त्यांनी ती बाहेर काढून बोटाने वाजवली. दगड. तीस वर्षांच्या धंद्याचं त्यांना असं कौतुक कधी वाटलं नव्हतं. “चाळीस म्हटलं होतं ना मी?”

मृणाल लादी घेऊन बाहेर धावली. ओढणी सरकली होती. मे महिन्याच्या दुपारी सिमेंट पासष्ट अंशांवर जातं. गदेसारख्या जड यंत्राला तापायलाही वेळ लागतो. हलक्या हिमांकला वीस मिनिटं पुरली होती. त्याचा सगळा गारवा लादीत, आणि लादी आत. तिने वायर जोडली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली: बॅटरी सुरक्षित तापमानाबाहेर. यंत्र पस्तीस अंशांखाली आल्यावर सुरू होईल.

“आत घेऊ द्या,” ती म्हणाली. “कूलरसमोर धरते.”

वासुदेवराव एकदा रस्त्याकडे, एकदा तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी हाक मारून दोन कामगार बोलावले आणि तो अवाढव्य कूलर फाटकापर्यंत ढकलत आणला. वायर पुरेना म्हणून दुसरी शोधली, पाणी सांडलं ते पुन्हा भरलं, यातच साडेचार वाजले. कूलरचं तोंड बाहेर केलं. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायला लागले. सासऱ्याच्या कारखान्यातून बाहेरच्या वाऱ्याला हवा घातली जात होती आणि समोर एक बाई लॅपटॉप दोन्ही हातांनी आरतीच्या ताटासारखा धरून उभी होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी हिमांक सुरू झाला. टपरीवाल्याने बाकडं पुसून दिलं. मृणालने पन्नास मिनिटं काम केलं. ग्राफिक्स खरोखर एक नंबर होते. झडपेचा एक पापुद्रा पूर्ण झाला, दुसरा सुरू झाला आणि सहा वाजले. झालं होतं तेवढं हृदय कंपनीकडे गेलं आणि त्यांचं ऑनलाइन दार बंद झालं. मिनिटभरही उशिरा नव्हे, बरोबर सहाला बंद झालं. मशीन होतं, त्याला मानपान नव्हते.

पाच मिनिटांनी हर्षलचा फोन आला. “लादी गोठली का ग? घेऊन ये ना. आठला मित्रांचा सामना आहे.”

मृणालने फोन वडिलांच्या हातात दिला. वासुदेवराव फोनवर म्हणाले, “हाव जवाईबापू, गोठली ना. एकदम दगड.”

“तू जाशील ना?” त्यांनी फोन ठेवून हळूच विचारलं.

“त्याला येऊन न्यायला सांगा,” मृणाल बाकड्यावरून उठत म्हणाली. “हलका आहे.” आणि हात मोकळे ठेवून ती वडिलांच्या घरात गेली.

हर्षल आला नाही. बाहेर सहा वाजताही चव्वेचाळीस होतं. रात्री आठच्या आत वासुदेवराव स्वतः स्कूटरवर लॅपटॉप मांडीशी आणि लादी पायाशी ठेवून सातव्या मजल्यावर पोचवून आले. लिफ्ट बंद होती. शकुंतलाबाईंनी त्यांना पाणी विचारलं.

आता कोणाचं काय गेलं ते पाहू. हर्षलचं काही गेलं नाही. त्याला आठचा सामना मिळाला, गार मांडीसकट. शकुंतलाबाईंचं एक लिटर दूध गेलं. वासुदेवरावांच्या टाकीतलं एक लिटर पाणी गेलं, आणि त्यांचा मान जागच्या जागी राहिला. कंपनीने चाचणीत बसलेल्या दुसऱ्या एका मुलीला घेतलं. तिच्याकडे पावणेचार किलोचा, गिरणीसारखा घरघरणारा लॅपटॉप होता. मृणालला त्यांचं पत्र आलं, की आपलं काम सर्वोत्तम होतं, अपूर्ण होतं, पुढची भरती दोन वर्षांनी. ती दोन वर्षं गेली, ती फक्त तिची.